नाइटविशचा 'वन्स' ऐकलाय का कुणी? खरं मत सांगा

गंजगोलाई_रिफ (लातूर)

मंडळी नमस्कार, सध्या माझ्या हेडफोनात एकच अल्बम फिरायलाय, फिनलंडचा मेटल बँड नाइटविश, त्यांचा 'वन्स', २००४ चा. मी मूळचा मेटालिका, मेगाडेथ, लॅम्ब ऑफ गॉड असलं ऐकणारा माणूस. बास वाजवतो. आमचा एक बँड हाय असं म्हणायचं, प्रॅक्टिसला जागा भेटत नाही म्हणून बँड कमी अन् व्हॉट्सॲप ग्रुप जास्त. तर त्या ग्रुपवर मी त्यातलं 'घोस्ट लव्ह स्कोर' टाकलं, दहा मिनिटाचं गाणं, अन् तिथून जी जुंपली ती अजून चालूच हाय. एकजण म्हणतो ही ऑपेरा हाय, मागं गिटार लावली म्हणून मेटल होत नसतंय. दुसरा म्हणतो बाईचा आवाज आला की मेटलमधला राग निघून जातो अन् उरतं ते पिक्चरचं बॅकग्राउंड म्युझिक. तिसऱ्यानं ऐकलंच नाही पण सगळ्यात मोठं मत त्याचंच.

मला विचाराल तर 'डार्क चेस्ट ऑफ वंडर्स'चा रिफ सुरू झाला की मान आपोआप हलायलीय, अन् 'रोमँटिसाइड' ऐकून ज्याला हे मऊ वाटतं त्याच्याशी मी बोलूच शकत नाही. पण खोटं कशाला बोलू, दोन गोष्टी मलाबी खटकायलेत. एक म्हणजे ऑर्केस्ट्रा, कोरस, कीबोर्ड, गिटार, वरून गायिका तारिया, खालून बास वाजवत गाणारा मार्को, सगळे एकदाच बोलायलेत अन् त्यात मार्कोचा बास शोधून शोधून मी थकलो. दुसरं म्हणजे तारिया तुरुनेनचे शब्द मला निम्मे कळत नाहीत, लिरिक्स उघडून बसावं लागतंय.

तर तुम्हाला हा अल्बम कसा वाटला? तिच्या आवाजामुळं आवडला का तिचा आवाज असूनबी आवडला, असं विचारायचंय मला. अन् 'आवडतंय तर ऐक नाहीतर सोड' हे कुणी लिहू नका, तेवढं मला कळतंय.


उदगीरचा_पाहुणा

तिसऱ्याला ग्रुपचा सरपंच करा, मिटला विषय. 'निमो' भारी हाय, जिमला लावतो मी. बाकी अल्बम लांबड लावल्यासारखा वाटला, 'क्रीक मेरीज ब्लड' तर आठ मिनिटाच्या पुढं जातंय, संपता संपेना.


साऊंडवाला_बीड

बासचं मी सांगतो कारण आपला धंदाच तो हाय, मंडप अन् साऊंड. लग्न, कीर्तन, जयंती, सभा, सगळीकडं मिक्सरवर आपणच असतो, अन् मेटल ऐकायचं ते रात्री सामान भरून परत येताना टेम्पोत, ड्रायव्हर शिव्या घालतो ते वेगळं.

हे बघा, बास सापडत नाही त्याला बऱ्याचदा वाजवणारा कारण नसतो. मेटलमधी बास निम्म्या वेळेला गिटारच्याच रिफखाली एक सप्तक उतरून चालतो, गिटारला इतकं डिस्टॉर्शन दिलेलं असतं की तिचा खालचा भाग फुगून बासच्या अंगावर येतो. वरून डबल बेस ड्रमची किक, तीबी त्याच गल्लीत. आता ह्याच्यात ऑर्केस्ट्रातले चेलो अन् डबल बास टाका. झाली का नाही गर्दी? 'वन्स'मधला ऑर्केस्ट्रा कीबोर्डवर वाजवलेला नाही, खराखुरा लंडनला रेकॉर्ड केलेला हाय, अरेंजमेंट पिप विल्यम्सची, कोरस मेट्रो व्हॉइसेसचा. अन् मिक्स झालं हेलसिंकीच्या फिनवॉक्स स्टुडिओत, मिक्को कार्मिलाच्या हातून. एवढं सामान एका स्टिरिओत बसवणं म्हणजे काय असतं ते आमाला विचारा. माझ्या मतानं त्या माणसानं कमाल केलीय, फक्त आवाज सगळीकडं ठासून भरलाय, श्वास घ्यायला जागा कमी हाय, पण त्या काळातले जवळपास सगळेच मेटल अल्बम तसेच दाबून काढलेत.

आता बाईच्या आवाजाचं. तुमच्या मित्राला म्हणावं आधी ईक्यू शीक, म्हणजे कुठला सूर किती वर-खाली करायचा ते. गडी माणूस भारी आवाजात गायला की त्याचा मूळ सूर १००-२०० हर्ट्झच्या आसपास येतो, तिथं आधीच गिटारीचा चिखल हाय, म्हणून मग त्याला ओरडावं लागतं नाहीतर गिटार खाली दाबावी लागते. सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी बाई, ५००, ७००, हजार हर्ट्झपर्यंत सहज जाती, तिथं रस्ता जरा मोकळा असतो. म्हणून तारियाचा आवाज एवढ्या गर्दीतून बी सरळ वर निघतो. हे काय फिनलंडचं नवल नाही. गोंधळाला संबळ कडाडत असतंय, तुणतुणं चालू असतंय, अन् एखादी म्हातारी माईक न घेता देवीचं पद उचलती, आख्ख्या मंडपात ऐकू जातं, मला फेडर वर करावाच लागत नाही. तिथं कुणी म्हणतं का बाईचा आवाज आला अन् जोर गेला? उलट जोर येतो तो तिथंच.

लातूरवाल्या, एक काम कर, मोबाईलच्या स्पीकरवर नको ऐकू. बास तिथं दिसणारच नाही, ते बारकं स्पीकर खालचा सूर काढूच शकत नाही. चांगला हेडफोन घे अन् 'निमो'च्या कडव्यात ऐक, गिटार मागं सरकती तिथं मार्को बरोबर सापडतो.


गंजगोलाई_रिफ (लातूर)

दादा सापडला!! 'निमो'च्या कडव्यात खरंच हाय. आता दुसरीकडं बी शोधायलोय. गड्या हे कुणी आधी का नाही सांगितलं.


खर्जातली_बाई (छ. संभाजीनगर)

साऊंडवाल्या दादांनी निम्मं काम केलंच आहे, मी गाण्याबद्दल लिहिते. मी ख्याल शिकले, आता शिकवते. मेटल माझ्या मुलामुळं घरात आलं आणि तो होस्टेलला गेला तरी ते घरातच राहिलं, असो.

शब्द कळत नाहीत ही तक्रार जगातल्या प्रत्येक सोप्रानोबद्दल असते. त्यात तिच्या इंग्रजीचा दोष थोडा, गळ्याच्या विज्ञानाचा जास्त. स्वर एका मर्यादेच्या वर गेला की 'इ' आणि 'ए' हे स्वर तोंड बारीक ठेवून म्हणताच येत नाहीत, म्हणजे म्हणता येतात पण आवाज चिरका होतो. म्हणून शिकलेली गायिका जबडा मोकळा सोडते आणि सगळे स्वर 'आ'कडं झुकतात. मग 'इ' काय आणि 'ए' काय, वर गेल्यावर सगळं सारखंच ऐकू येतं. आणि आपण तरी कुठले शहाणे, विलंबित ख्यालात बंदिशीचे शब्द किती जणांना कळतात? आपण तिथं तक्रार करत नाही कारण आपल्याला लहानपणापासून सवय आहे.

तारिया कुओपिओला सिबेलियस अकादमीत शिकली, नंतर जर्मनीत कार्ल्सरूहेला. तिचा तो शिकलेला आवाज पूर्ण ताकदीनं ऐकायचा असेल तर १९९८ चा 'ओशनबॉर्न' ऐका, तिथं ती जवळजवळ रंगमंचावर उभी आहे. 'वन्स'मध्ये तिनं आवाज बराच खाली आणलाय, छातीतला आवाज जास्त वापरलाय, कंप कमी केलाय. म्हणून मला ही 'ऑपेरा आहे' वाली टीका अगदीच उफराटी वाटते, तिच्या सगळ्यात कमी ऑपेराच्या अल्बमवर ऑपेराचा आरोप!

आणि एक गाणं कुणी काढलंच नाही इथं. 'कुओलेमा तेकेए ताइतेइलियान', फिनिश भाषेतलं, चार मिनिटांचं, गिटारीचा गोंगाट नाही. मातृभाषेत गाताना तिचा आवाज कसा सैल सुटतो ते ऐका. उच्चार सांभाळायची धडपड नाही, प्रत्येक स्वर जिथं पडायचा तिथं पडतो. मला अर्थ लागत नाही तरी अल्बमातलं सगळ्यात स्पष्ट गाणं मला तेच वाटतं.

न आवडलेलं सांगायचं तर, काही ठिकाणी कोरस आणि ती एकाच उंचीवर गातात. एकटा गळा जे बारकावे दाखवतो ते तिथं पुसले जातात. 'घोस्ट लव्ह स्कोर'च्या शेवटी हे फार होतं. शेवट मोठा व्हावा म्हणून सगळे एकदम तुटून पडतात आणि तीच हरवते.


जुना_कॅसेटवाला (औरंगाबाद)

शहराचं नाव बदललं, आपलं आयडी आहे तेच राहू द्या.

पोरांनो, 'बाईचा आवाज मेटलमध्ये' हा वाद मी नव्वदच्या दशकात पण ऐकलाय, तेव्हा पण तो शिळाच होता. गर्लस्कूल नावाचा लंडनचा अख्खा पोरींचा बँड १९७८ मध्येच निघाला, मोटरहेडबरोबर दौरे केले, १९८१ मध्ये दोघांनी मिळून रेकॉर्ड काढली. मोटरहेडच्या लेमीला कधी प्रश्न पडला नाही की ह्यांना जमतं का, तुमच्या ग्रुपवरच्या पोराला पडतोय. मग जर्मनीची डोरो पेश, वॉरलॉक बँडची, १९८७ चा 'ट्रायम्फ अँड ॲगनी' काढून ऐका. ती बाई अजून स्टेजवर आहे.

आमच्याकडं तेव्हा कॅसेट मिळायची नाही. मुंबई-पुण्याला कुणी गेलं की यादी द्यायची, आलेली कॅसेट पंधरा जणांत फिरून टेप ताणला जायचा. अलाहाबादहून निघणारं 'रॉक स्ट्रीट जर्नल' कुणाच्या तरी हाती लागायचं, ते वाचून आपण न ऐकलेल्या बँडबद्दल तावातावानं भांडायचं. त्यामुळं तुमच्या तिसऱ्या मित्राबद्दल मला विशेष माया आहे.

पण 'वन्स'वर माझं मत वेगळं आहे. चांगला अल्बम आहे, महान नाही. माझ्या लेखी ह्या सगळ्या प्रकारातला बाप अल्बम म्हणजे द गॅदरिंगचा 'मँडिलियन', १९९५. डच बँड, गायिका आनेके फान गिअर्सबर्गन. ती ऑपेरा गात नाही, ओरडत नाही, साधी मोकळ्या गळ्यानं गाते आणि मागं संथ, जड गिटारी. लंडनचा ऑर्केस्ट्रा नाही की काही नाही. तरी काटा येतो. 'वन्स' ऐकताना मला सारखं वाटतं की समोरचा मला भारावून टाकायला बघतोय. पैसा दिसतो. 'मँडिलियन'मध्ये माणसं दिसतात.

आणि एक गोष्ट, हा अल्बम तुओमास होलोपाइनेनचा आहे. किटे नावाच्या लहानशा गावातला कीबोर्डवाला, १९९६ मध्ये त्यानंच बँड काढला, गाणी आणि शब्द जवळपास सगळे त्याचेच. तारिया त्याचं दुःख गाते. हे आधी समजून घेतलं तर पुढं जे झालं ते कळतं. 'वन्स'चा जगभरचा दौरा संपला तो २१ ऑक्टोबर २००५ ला, हेलसिंकीच्या हार्टवॉल अरेनात, आणि त्याच रात्री कार्यक्रम झाल्यावर बाकीच्या चौघांनी तिच्या हातात पत्र ठेवलं, तुला काढलं म्हणून. वर तेच पत्र वेबसाईटवर सगळ्या जगाला वाचायला. ज्या आवाजावर तुम्ही युरोपभर स्टेडियम भरली त्या बाईला असं? त्यांची काय अडचण असेल ती असेल, त्या पत्रात तिच्या नवऱ्याला पण ओढलंय, पण घरातलं भांडण असं चौकात आणायचं नसतं. तेव्हापासून तो शेवटच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मला पूर्ण बघवत नाही. ती हसून लोकांना हात करते आणि आपल्याला पुढचं माहीत असतं.


उदगीरचा_पाहुणा

काका तुम्ही तर डोळ्यात पाणी आणलं, मी जिमला लावायचो हे गाणं


नांदेडची_किंचाळी

सगळे कामून एवढं सांभाळून बोलायलेत? मला 'वन्स' आवडत नाही अन् कारण सांगते, मी पोरगी हाय म्हणून तारियाची बाजू घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.

अल्बममधी राग कुणाला दिलाय ते बघा. 'विश आय हॅड अॅन एंजल', 'प्लॅनेट हेल', जिथं जिथं घाण, जोर, ओरडणं पाहिजे तिथं मार्को हिएताला येतो. तारिया आली की चांदणं, समुद्र, देवदूत, रडणं. म्हणजे राग गड्याला अन् दुःख बाईला, वाटणी आधीच ठरलेली. तुमच्या दुसऱ्या मित्राला जे वाटायलंय की बाईचा आवाज आला की राग जातो, त्याचं कारण बाईच्या गळ्यात नाही, लिहिणाऱ्यानं तिला राग दिलाच नाही हे कारण हाय. हा नव्वदीतला जुनाच साचा, एक गडी गुरगुरणार अन् एक बाई परीसारखी गाणार. नाइटविशनं गुरगुर काढली अन् मार्को बसवला, साचा तोच.

म्हणून मी आर्च एनिमी बँडवाली. त्यांचा २००१ चा 'वेजेस ऑफ सिन' अल्बम लावा त्या ग्रुपवर, कोण गायलंय ते सांगू नका, अन् विचारा गडी का बाई. आधी योहान लीवा गायचा, तो गेल्यावर अँजेला गोसो आली. जर्मन पत्रकार होती, मुलाखत घ्यायला गेली अन् बँडच्या गिटारिस्टला आपली डेमो देऊन आली, असं असतंय धाडस. तिचा ग्रोल, म्हणजे गुरगुरता आवाज, ऐकून लोकांना खरंच वाटत नव्हतं बाई हाय म्हणून. २०१४ ला सोडलं तवा तिनं स्वतःच अलिसा व्हाइट-ग्लूझला पुढं केलं अन् आपण बँडची मॅनेजर झाली. त्यांच्याकडं पत्रं नाही वाटली कुणी.

अन् युक्रेनचा जिंजर बँड ऐका, गायिका तातियाना श्मायलुक. 'पायसीस' गाणं, सुरुवातीला इतकं मऊ गाती की वाटतं जॅझची गायिका हाय, अन् मग जे तोंड उघडती, बापरे. एकाच गळ्यात दोन्ही. तिला मार्को लागत नाही.

मी बी शिकायलेय ग्रोल, गच्चीवर. शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या पोरीला काही त्रास हाय का, तुळजापूरला नेऊन आणा.


साऊंडवाला_बीड

काकूंचा आवाज रेकॉर्ड करून घ्यायला पाहिजे होता इंट्रोला


खर्जातली_बाई (छ. संभाजीनगर)

नांदेडकर, मुद्दा जबरदस्त आहे, मी तो आधी असा पाहिला नव्हता. पण पूर्ण मान्य नाही. 'रोमँटिसाइड' घ्या. तिथं तारिया खालच्या पट्टीत, दात खाऊन गाते, त्या रागाला मार्कोची गरज नाही. आणि राग म्हणजे फक्त खरखर असं तुम्ही पण मानता आहात की. शांत, सरळ, एकही स्वर न हलवता गायलेला राग जास्त भीती घालतो. आमच्या गुरुजींना चिडलेलं मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नाही, ते आवाज खाली आणायचे आणि आम्ही तंबोऱ्यामागं लपायचो.

वाटणी आहे, पण ती अल्बमभर सारखी नाही. 'क्रीक मेरीज ब्लड' मध्ये तर राग आहे तो एका जमातीचा, जमिनीवरून हुसकावलेल्या माणसांचा, आणि तो तिच्याकडंच दिलाय. शेवटी जॉन टू-हॉक्स यांची बासरी आणि लाकोटा भाषेतलं म्हणणं येतं. उदगीरच्या पाहुण्यांना ते लांबड वाटलं, पण माझ्या मते अल्बमातला सगळ्यात धीराचा भाग तो.


नांदेडची_किंचाळी

'रोमँटिसाइड' ठीक हाय, मानते. 'क्रीक मेरी'चं नाही मानत, तिथं ती दुसऱ्याचंच दुःख सुंदर करून सांगायलीय. अन् ताई दुसऱ्याचं दुःख सुंदर करून सांगणं हेच तर तिचं काम हाय ह्या बँडात, काकांनी वर लिहिलंच की.


जुना_कॅसेटवाला (औरंगाबाद)

माझंच वाक्य माझ्यावर. बरोबर आहे पोरी.

पण मग एक सांग, फ्लोर यान्सनचं काय? २०१२ च्या नाइटविशच्या अमेरिका दौऱ्यात मध्येच तारियाच्या जागी आलेली आनेट ओल्सन गेली आणि हिला घाईघाईनं बोलावलं, ऑक्टोबरमध्ये सिॲटलला ती स्टेजवर उभी होती. २०१३ ला जर्मनीत वाकनच्या मेटल महोत्सवातलं तिचं 'घोस्ट लव्ह स्कोर' बघ. तेच गाणं, तेच शब्द, लिहिणारा तोच तुओमास. पण ती उभी राहते तीच मुळात दुःखी बाई म्हणून नाही. शेवटचा तो भाग, जिथं संभाजीनगरच्या ताई म्हणतात की कोरसमध्ये गायिका हरवते, तिथं ती हरवत नाही, ती कोरसच्या डोक्यावरून जाते. मला वाटतं तुझी तक्रार लिहिणाऱ्याबद्दल निम्मी खरी आणि गाणाऱ्याबद्दल निम्मी. गाणारी तेच वाक्य उलटं करू शकते.

मी तारियाच्या बाजूचा माणूस, हे लिहिताना बोटं जड झाली.


मनपा_नळ_तोटी (जालना)

सगळं वाचलं. कुणीच आनेट ओल्सनचं नाव धड घेतलं नाही, एकदा आलं ते पण 'मध्येच गेली' म्हणून. भाऊ, मी नाइटविश ऐकायला लागलो तेच २००७ च्या 'डार्क पॅशन प्ले'पासून, माझ्यासाठी तीच ओरिजिनल. स्वीडनची, साध्या पॉप गळ्याची. तिला तारियाची गाणी स्टेजवर गायला लावली आणि मग लोकांनी पाच वर्षं शिव्या घातल्या की तारियासारखं गात नाही. कशी गाणार? 'वन्स'ची गाणी तिच्या गळ्यासाठी लिहिलीच नव्हती. हा अल्बम चांगला का वाईट ते मला माहीत नाही, पण पुढच्या बाईच्या गळ्यात ह्या अल्बमनं धोंडा बांधला एवढं नक्की.


खर्जातली_बाई (छ. संभाजीनगर)

हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. नाटकात पण हेच होतं, एका नटाच्या गळ्यासाठी बांधलेलं पद दुसऱ्याच्या तोंडी दिलं की लोक दुसऱ्याला दोष देतात, पट्टी बदला असं कुणी म्हणत नाही.

वाकनचा व्हिडिओ पाहिला. काका, तुमचं खरं आहे. यान्सनबाई छातीतला आवाज इतक्या वर नेते की मी दोनदा मागं जाऊन ऐकलं. शेवटचा सूर लावताना चेहऱ्यावर ताण नाही, जबडा सैल, खांदे खाली. विद्यार्थिनींना दाखवणार आहे, गिटारी सहन झाल्या तर.


गंजगोलाई_रिफ (लातूर)

मी सगळं ऐकून परत आलो. नांदेडच्या ताईचं वाचल्यावर 'वन्स' पुन्हा लावला अन् आता मला दुसरं काही ऐकूच येईना, मार्को आला की राग, तारिया आली की चांदणं. मजा घालवली तुम्ही माझी. पण 'प्लॅनेट हेल'मधी दोघं समोरासमोर येतात तवा तारियाचा आवाज थंडगार हाय, मार्को तापलेला अन् ती थंड, अन् मला तरी ती जास्त डेंजर वाटली. संभाजीनगरच्या ताईंचा मुद्दा मला तिथं पटला, 'रोमँटिसाइड'पेक्षा जास्त.

ग्रुपवर 'वेजेस ऑफ सिन' टाकला, नाव न सांगता. दुसरा मित्र म्हणला ह्याला म्हणतात आवाज, गडी जबरदस्त हाय, कुठला हाय हा? मी अजून सांगितलेलं नाही. मजा यायलीय.

अन् काका 'मँडिलियन' लावला. पहिल्यांदा झोप आली, खरं सांगतो. रात्री परत लावला, गच्चीवर, लाईट गेल्ती, तवा कळलं. तरी पण ऑर्केस्ट्रा पाहिजेच मला, पैसा दिसला तर दिसू द्या, आपल्याकडं नाही म्हणून दुसऱ्याचा बघायचा बी नाही का?

साऊंडवाले दादा, 'हायर दॅन होप'च्या मधी जो माणूस बोलतो तो कोण?


जुना_कॅसेटवाला (औरंगाबाद)

मी सांगतो. बँडचा अमेरिकन चाहता होता, पुढं मित्र झाला, २००३ मध्ये कॅन्सरनं गेला. त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज आहे. अल्बमचं शेवटचं गाणं त्याला दिलंय. ह्या एका बाबतीत मी तुओमासला काही बोलत नाही.


साऊंडवाला_बीड

ते मला बी माहीत नव्हतं. आता ते गाणं टेम्पोत लावायचं का नाही ते बघावं लागंल.

लातूरवाले, प्रॅक्टिसच्या जागेचं वर लिहिलंय तुम्ही. लगीनसराई संपली की माझं गोडाऊन मोकळं असतं, पत्र्याचं हाय, आवाज घुमतो, पण सतरंज्या अन् कनाती टांगल्या की बऱ्यापैकी दबतो. बीडला यायची तयारी असंल तर बघा. डिझेलचं तुमचं तुम्ही.


नांदेडची_किंचाळी

व्होकलिस्ट हाय का तुमच्याकडं? विचारायलेय नुसतं.

अन् संभाजीनगरच्या ताई, एक खरं सांगा, ग्रोलनं गळा जातो का? अर्धा तास केलं की मला दुसऱ्या दिवशी बोलताना आवाज बसल्यासारखा वाटायलाय. यूट्यूबवर एकजण म्हणतो दुखलं तरी चालू ठेवा, सवय होती. क्लासचे सर तर ऐकूनच घेईनात, म्हणले हे गाणंच नाही.


गंजगोलाई_रिफ (लातूर)

व्होकलिस्ट नाही!! म्हणजे होता, तो आता नीटची तयारी करायलाय. ग्रुपवर विचारतो. दुसऱ्या मित्राचा चेहरा बघायचाय मला.


खर्जातली_बाई (छ. संभाजीनगर)

नांदेडकर, मी ग्रोल शिकवत नाही, पण गळा तोच आहे म्हणून सांगते. दुखलं तरी चालू ठेवा म्हणणाऱ्याचा व्हिडिओ बंद करा. नीट केलेल्या ग्रोलमध्ये ती खरखर बरीचशी खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वरच्या ज्या खोट्या पट्ट्या असतात त्यांच्यातून काढतात, खालच्या पट्ट्या एकमेकींवर घासून नाही. दुसऱ्या दिवशी आवाज बसतो म्हणजे तुम्ही खालच्याच घासताय. जोर गळ्यातून काढू नका, पोटातून श्वासाचा आधार द्या आणि आवाज लहान ठेवा. तो मोठा करायचं काम माईकचं, बीडच्या दादांना विचारा. आधी थोडा वेळ साधा ओंकार खर्जात, मग दहा मिनिटं ग्रोल, मग पाणी आणि गप्प बसायचं. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून आत बघून घ्या, टाळू नका. आणि रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवं होऊ नका, आम्ल वर येऊन त्याच पट्ट्यांवर बसतं, आपल्याकडच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यानं माझे निम्मे विद्यार्थी सकाळी घोगरे असतात.

सरांचं मनावर घेऊ नका. एखादं रेकॉर्डिंग इथं टाका, मी ऐकून सांगते कुठं घासतंय ते.